घरी राहिलेल्याची मूठ

माझ्या आतेने उभ्या आयुष्यात कुणाला बरोबर वजनाचं खाजं दिलं नाही. माप मारायची म्हणून नव्हे, उलट. तागडीचा काटा मधोमध स्थिर झाला की पुडी बांधण्याआधी ती मान वर करून गिऱ्हाइकाला विचारायची, "घराकडे कोण रवला?" गिऱ्हाईक सांगायचं, सासू आहे, तिला आता चालवत नाही. किंवा सून बाळंतीण आहे. किंवा भाऊ तापाने पडलाय. मग आते परातीत हात घालून एक मूठ खाजं उचलायची, वेगळ्या कागदात बांधायची आणि मोठ्या पुडीवर ठेवायची. जत्रेला येऊ न शकलेल्या माणसाची ती मूठ. तिचे पैसे घ्यायचे नाहीत आणि ती वाटेत कुणी फोडायची नाही, एवढे दोनच नियम होते.

ही रीत गावची, आमच्या घरची की एकट्या आतेची, ते मला आजही सांगता येणार नाही. शेजारच्या दुकानांत कधी पाहिली नाही, पण जुनी माणसं ती असल्यासारखीच वागत. आमच्या दुकानासमोर पुडी हातात घेऊनही गिऱ्हाईक दोन क्षण थांबायचं. आपल्याला अजून काही विचारलं जाणार आहे, हे त्याला माहीत असायचं.

ज्यांनी खाजं खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते. करंगळीएवढी बेसनाची कांडी, कडक तळलेली आणि आल्याच्या गुळात घोळवलेली. पहिला घास दातांची परीक्षा घेतो, दुसऱ्याला आलं घशाला लागतं, तिसऱ्यानंतर माणूस मोजायचं सोडतो. आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात, आमच्या गावची सगळ्यांत शेवटी, चैत्रात, आणि जत्रेहून घरी जायचं ते खाजं घेऊनच. माझे बाबा घरामागच्या पडवीत खाजं करायचे आणि आते ते विकायची. आते बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांनी ती माहेरी परत आली. का आली, हे घरात कुणी बोललं नाही आणि विचारायची टाप कुणाची नव्हती. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने तागडी हातात घेतली, असं आई सांगायची. बाबांचा हात पाकात बसलेला होता, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की ते घामेघूम व्हायचे. त्यामुळे धंद्याला तोंड मिळालं ते आतेचं.

मी त्या घरातली एकुलती एक मुलगी आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. तो बाबांकडून आला नाही, आईकडूनही नाही, म्हणजे आतेकडूनच आला असणार. फरक एवढाच की तिचा राग आला तसा जातो. माझा जाताना काहीतरी मोडून जातो.

धंदा वाढला तो मात्र माझ्या नवऱ्यामुळे आणि तोही त्याला न कळता. तो मालवाहू बोटीवर नोकरीला, म्हणून मी माहेरीच राहायची. दर खेपेला जाताना त्याच्या पेटीत आई पाच किलो खाजं भरायची, कारण जावई बारीक दिसत होता. ते खाजं बोटीवरच्या लोकांनी खाल्लं, मग बंदरातल्या ओळखीच्यांनी खाल्लं आणि एकदा दुबईतल्या एका किराणा दुकानदाराने त्याच्याकडे पन्नास किलो मागितलं. नवऱ्याने मला फोन करून विचारलं, आता मी काय सांगू? मी सांगितलं, हो म्हण. पन्नास किलो खाजं परदेशात पाठवायला काय काय कागद लागतात हे मला माहीत असतं, तर मी नाही म्हणाले असते.

मग सुरू झाल्या ओरोसच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या, फेऱ्या. सकाळच्या एसटीने जायचं, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवलं जायचं, दुपारी कँटीनमध्ये उसळपाव खायचा आणि संध्याकाळी 'पुढच्या आठवड्यात या' हे ऐकून परतायचं. पडवीत तळलेला पदार्थ बाहेर देशी जात नाही, हे मला तिथे समजलं. घरामागच्या माळावर शेड बांधली, भिंतींना पांढऱ्या फरशा लावल्या. पाक चढवायला फिरतं पिंप आणलं. बाबा पहिले दोन महिने त्या पिंपाजवळ नुसते उभे राहायचे आणि ते थांबलं की आत हात घालून कांडी चाचपून बघायचे. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, बरं करतंय. त्यानंतर त्यांनी स्वतः कढई कधी चढवली नाही.

दुबईनंतर मस्कत, बहारीन, कुवेत. आमच्या जिल्ह्यातली माणसं जिथे जिथे कामाला गेली तिथे तिथे खाजं त्यांच्यामागून गेलं. यात माझी हुशारी किती आणि लोकांचं घर आठवणं किती, याचा मी विचार करत बसले नाही. काम भरपूर होतं. पाकीट भरायच्या खोलीत वाडीतल्या अठरा बायका होत्या आणि त्यांच्यावर आते. डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून टेबलाच्या टोकाला बसायची आणि ती टोपी म्हणजे माझ्या डोक्यातला किडा आहे, असं आल्यागेल्याला सांगायची. बायका तिला घाबरायच्या आणि तिच्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. एका टेबलावर वजन व्हायचं, दुसऱ्या टेबलावर पाकिटाचं तोंड चिकटवायचं यंत्र होतं. दोन टेबलांमध्ये पाच पावलांचं अंतर. पाकीट हातोहात तिकडे जायचं. मी रोज वजनाच्या टेबलाशी उभी राहून पाचपन्नास पाकिटं तपासायची. सगळी दोनशे ग्रॅम, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. तळलेला माल मात्र नेहमी हिशेबापेक्षा थोडा कमी भरायचा. तो मी चुऱ्यात धरत होते.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी लंडनहून मागणी आली. तिथल्या एका मोठ्या दुकान-साखळीची खरेदी बघणारा माणूस स्वतः येऊन कारखाना बघून गेला. नमुने गेले, तपासण्या झाल्या, पाकिटावरच्या अक्षरांची उंचीसुद्धा त्यांनी मोजली. आठ महिन्यांनी होकार आला. एक अख्खा कंटेनर, दोन हजार खोकी, प्रत्येक खोक्यात चोवीस पाकिटं. आखातात माल जायचा तो थोडा थोडा, दुसऱ्यांच्या मालाबरोबर. अख्खा कंटेनर आमचा एकट्याचा, हे पहिल्यांदाच घडत होतं. कारखाना वाढवण्यासाठी मी घर गहाण टाकलं होतं आणि ते आतेला ठाऊक होतं, कारण घर तिच्याही नावावर होतं. कागद पुढे केले तेव्हा तिने वाचले नाहीत. कुठे सही करू, एवढंच विचारलं.

ट्रक निघाला तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ वाढवला. गावातल्या जुन्या मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. आतेने ड्रायव्हरला विचारलं की त्याच्या घरी कोण आहे. तो कर्नाटकातला, त्याला काही कळलं नाही. तिने त्याच्या हातात एक पुडी दिली.

चार दिवसांनी मुंबईहून आमच्या एजंटचा फोन आला. माल परदेशी पाठवायचं सगळं काम तोच बघायचा. शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज बदललेला होता.

"मॅडम, खरं सांगा. कंटेनरमध्ये खाज्याशिवाय आणखी काय भरलंय?"

बंदरात कंटेनरचं वजन झालं होतं आणि आम्ही कागदावर लिहिलं होतं त्यापेक्षा ते एक टनाने जास्त भरलं होतं. एक टन. दहा टन माल, त्यात एक टन फुकट कुठून आला, हे कुणालाही सांगता येईना. मी खोक्यांचं वजन केलंच नव्हतं. पाकिटाचं वजन गुणिले चोवीस गुणिले दोन हजार, असा सरळ गुणाकार करून आकडा लिहिला होता. बी.कॉम. झालेली मुलगी गुणाकारात कशाला चुकेल?

मी मुंबईला गेले. बंदरात खोकी फोडून तपासणी चालली होती. अधिकारी सभ्य होते, चहा विचारला, पण डोळ्यांत संशय स्पष्ट दिसत होता. एकाने माझ्यासमोर एक एक पाकीट काट्यावर ठेवायला सुरुवात केली. दोनशे बावीस. दोनशे अठरा. दोनशे एकतीस. एकही दोनशेच्या आसपास नाही. त्यांनी मला विचारलं की ही कसली फसवणूक आहे. कमी भरणारे त्यांनी खूप पाहिले होते. जास्त भरून खोटं बोलणारं माणूस पहिल्यांदाच बघत होते. मी एक पाकीट हातात घेतलं आणि हातात घेतल्या घेतल्या मला कळलं. वरच्या चार-पाच कांड्या बाकीच्यांसारख्या सरळ बसलेल्या नव्हत्या, आडव्या पडल्या होत्या. कुणीतरी वरून टाकलेल्या.

अधिकाऱ्यांना मी काय सांगणार? घरी राहिलेल्या माणसाची मूठ म्हणून सांगणार? मी सांगितलं, भरताना चूक झाली. तेवढ्यात आमची बोट निघून गेली. सगळा माल परत आणावा लागला. लंडनच्या माणसाला मी खरं खरं लिहिलं आणि त्याचं उत्तर सभ्य आणि छोटं आलं. आणखी एक संधी देतो. पण वजनापासून पाकीट चिकटवेपर्यंत मध्ये माणसाचा हात लागता कामा नये आणि तसं यंत्र बसवल्याचं आम्हाला दिसलं पाहिजे.

रात्रभराचा प्रवास करून मी सकाळी घरी न जाता थेट कारखान्यात गेले. पाकिटांच्या खोलीत अकराच्या सुमाराला सगळ्या बायका होत्या. मला राग आला की मी पुस्तकी मराठी बोलायला लागते. कचेऱ्यांत बोलून बोलून लागलेली खोड. बायकांना ती ओळखीची, त्यामुळे माझं पहिलं वाक्य ऐकूनच सगळ्यांचे हात थांबले. मी विचारलं की पाकिटात वरून माल कोण टाकत होतं. एकीने चिकटवायचं यंत्र बंद केलं.

"मीच सांगलंय तेंका," आते म्हणाली. "दुबईचो माल जाय तेव्हापासून."

मी विचारलं, का? आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असणार.

तिला प्रश्नच कळला नसावा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी विसरले आहे. "अगो, जत्रेक येवक गावणा नाय असलेच लोक ते. सगळेच घराकडे रवलले. तेंका मूठ नाय घालूची, तर कोणाक घालूची?"

आज हे लिहिताना त्या वाक्यात मला एकही चूक सापडत नाही. त्या दिवशी मला फक्त गहाण टाकलेलं घर दिसत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "हे जत्रेतलं दुकान नाही, आते. उद्यापासून तू इथे येऊ नकोस."

अठरा बायकांसमोर म्हणाले. आणि पुस्तकी मराठीत म्हणाले. ज्या बाईने मला न्हाऊमाखू घातलं, तिच्याशी मी ओरोसच्या कारकुनासारखी बोलले. आतेने टोपी काढली, तिची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. बाहेरच्या नळावर हात धुतले. मग माळावरून घराकडे चालत गेली. दुपारी मी जेवायला गेले तेव्हा तिने मला वाढलं, आणि कढीत मीठ कमी आहे का, ते विचारलं.

पुढचे दहा दिवस त्या अठरा बायका परत आलेली पाकिटं फोडत होत्या. प्रत्येक पाकिटातून वरच्या चार कांड्या काढायच्या आणि बाकीचं वजन करून नव्या पाकिटात भरायचं. काढलेल्या कांड्या क्रेटमध्ये टाकायच्या. क्रेट भरत गेले, भिंतीला लागून रचत गेलो. एक टन खाजं एका जागी मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. ते खाजं मी मालवणच्या दुकानदारांना सुटं विकून टाकलं, किल्ला बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी.

नवं यंत्र आलं. वरून खाजं पडतं, आत मोजलं जातं, खाली चिकटलेलं पाकीट बाहेर येतं. दुसरा कंटेनर ग्रॅमला ग्रॅम जुळला. घर सुटलं. लंडननंतर कॅनडा, मग ऑस्ट्रेलिया. अठरा बायकांपैकी एकीलाही मी काढलं नाही, हे मी लोकांना आवर्जून सांगत असे. त्या आता यंत्र चालवतात, खोकी भरतात, दोघी संगणकावर बसतात. काढलं ते फक्त एकीला, आणि ते मी सांगत नसे.

त्याहून वाईट मी नंतर केलं. परदेशातल्या पाकिटांसाठी मुंबईच्या एका जाहिरात कंपनीला काम दिलं. त्यांनी विचारलं, तुमच्या उत्पादनामागे काही गोष्ट आहे का? आणि मी सांगितली. तागडी, प्रश्न, मूठ, सगळं. त्यांचे डोळे चमकले. आज आमच्या पाकिटाच्या पाठीमागे इंग्रजीत छापलेलं आहे की आमची आते घरी राहिलेल्या माणसासाठी एक मूठ जास्त घालायची आणि पुढे बांगड्या भरलेल्या हाताचं चित्र आहे. हात आतेचा नाही. एका मॉडेलचा आहे. आतेचा हात फोटोसाठी मागायला माझी जीभ उचलली नाही. आत बरोबर दोनशे ग्रॅम. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि तो आम्ही समुद्रापार विकत होतो.

आतेला पाकिटावरचं इंग्रजी वाचता येत नाही. तिला कुणी सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. ती घरी असायची. परसात अळू लावायची, आमसुलं वाळत घालायची, संध्याकाळी सातेरीच्या देवळात जाऊन यायची. माझ्याशी एका शब्दाने वेगळी वागली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पहिल्या वर्षी जत्रेच्या दिवशी मी गाडी पाठवते म्हणाले, तर तिने पाय दुखतात असं सांगितलं. दुसऱ्या वर्षी मी विचारलं नाही. जत्रेतलं दुकान मी बंद केलं नव्हतं, बाबांची आठवण म्हणून ठेवलं होतं. दोन नोकर, टेबलावर कापड आणि त्यावर पाकिटांची रास. तागडी नव्हती, तिची गरजच उरली नव्हती.

मागच्या जत्रेला दोघांपैकी एकाच्या घरी लग्न निघालं, म्हणून दुपारी मी स्वतः दुकानावर बसले. बऱ्याच वर्षांनी बसले. गर्दी अजून व्हायची होती. साठीच्या आसपासची एक बाई आली. तोंडवलीची, माहेर आमच्या गावचं. नवरा मासेमारीला जायचा, आता मुलगा पर्यटकांना खोल्या देतो, असं तिनेच सांगितलं. तिने चार पाकिटं घेतली, पैसे दिले, पाकिटं पिशवीत टाकली. आणि गेली नाही.

ती तशीच उभी होती. सुटे पैसे द्यायचे राहिले का, म्हणून मी बघितलं. तसं काही नव्हतं. मग तिने मला विचारलं, पूर्वी इथे बसायची ती बाई कुठे आहे. मी म्हटलं, ती माझी आते. तिचे पाय दुखतात.

"ती इचारी, घराकडे कोण रवला म्हणान," बाई म्हणाली. "तुमी इचारणा नाय?"

मी एकदम उठून उभी राहिले. मग विचारलं. माझ्या तोंडून ते शब्द पहिल्यांदाच निघत होते आणि ते मला नीट म्हणताही येईनात. ती म्हणाली, घरी सासू आहे, नव्वदीची. दिसत नाही, पण जत्रा कधी आहे हे तिला बरोबर कळतं आणि माणसं घरी परत आली की ती हात पुढे करून बसते. सुटं खाजं दुकानात नव्हतंच. मी एक पाकीट फाडलं, त्यातली मूठभर काढली आणि नोकराकडचा वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन बांधायला लागले. बांधणी मला जमेना, तर तिनेच माझ्या हातातून घेऊन बांधली.

जाताना ती सहज म्हणाली, "आणि तुमच्या घराक कोण रवला?"

तिला उत्तर नको होतं, ती तशीच चालू लागली होती. मी फाडलेल्या पाकिटाकडे बघत बसले. सहा जत्रा होऊन गेल्या होत्या. सहा वर्षांत आमचं खाजं लंडनला गेलं, टोरांटोला गेलं, मेलबर्नला गेलं. जिथे ते जायला हवं होतं ते घर कारखान्यापासून तीनशे पावलांवर होतं. तिथे फुटक्या पाकिटांतल्या खाज्याचे डबे भरलेले असायचे, म्हणून तिथे जत्रेचं खाजं न्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि ती लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले. आते आमसुलांची सुपं उन्हात सरकवत होती. मी पुडी पुढे केली. कागद एका बाजूने सुटला होता.

"ह्या काय?"

"जत्रेचा खाजा."

"खाज्याचे डबे भरलेले आसत मा घरात."

"ता कारखान्यातला," मी म्हटलं. "ह्या तुजा. घराकडे रवलल्याचा."

आमसुलाच्या रसाने लाल झालेला हात तिने पदराला पुसला आणि पुडी घेतली. उघडली नाही. तळहातावर ठेवून वर-खाली केली, जत्रेत करायची तशी.

"मूठ ल्हान आसा तुजी," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी चुकले. सगळं म्हटलं, त्या दिवशी बायकांसमोर बोलले ते, पाकिटावर छापलं ते. सगळं मालवणीत म्हटलं. म्हणता म्हणता रडू आलं, आणि या वयात रडताना मी फार वाईट दिसते. तिने मला रडू दिलं. मग सुपाशेजारच्या दगडावर बसली आणि पुडीच्या कागदावरून बोट फिरवत म्हणाली, "चाळीस वर्सां मी जत्रेक बसलंय. घराकडे कधी रवाकच नाय. तेवा ही मूठ माका कधी गावाकच नाय. मगे रवलंय, तर म्हटलंय, आता तरी कोण माजी मूठ घेवन येयत." मग म्हणाली, "खाज्याक खंय काय कमी होता गो आमच्या घरात. कोण तरी माजा नाव घेयत जत्रेत, तेची वाट बघत होतंय."

तिने पुडी सोडली आणि एक कांडी तोंडात टाकली. चावायला दाढा राहिल्या नाहीत, म्हणून गालात धरून गूळ चोखत बसली. बाकीच्या कांड्या परत बांधून पुडी कनवटीला लावली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की आलं कमी पडतंय, कधीपासून कमी पडतंय? मी म्हटलं, तूच येऊन बघ. तिने सुपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, आधी ही आमसुलं उलटून झाली पाहिजेत. मी खाली बसले आणि दुसरं सूप ओढून घेतलं.